आर्गॉन काही करत नाही

“विहीर असो का खड्डा, पोरी, मानूस उतरायच्या आंधी दिवा उतरला पाह्यजे,” असं पुंजाजीबाबांनी मयुरीला सांगितलं, तेव्हा ती हसली होती.

हसण्यात खोट नव्हती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, छकुली पोटात पाचव्या महिन्याची होती, आणि वर्कशॉपमधल्या खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसून बाबा सुतळीला बांधलेली पणती आत सोडत होते. खड्डा तो केवढा? छातीइतका खोल. वर गाडी उभी करून खालून काम करता यावं म्हणून तिच्या सासऱ्यांनी, गुलाबरावांनी, तो बांधून घेतलेला. त्यात पणती उतरताना पाहून कुणालाही हसू आलं असतं.

“अहो बाबा, ते विहिरीत,” मयुरी म्हणाली. “तिथे सडका वायू साचतो, म्हणून दिवा सोडून बघतात. इथे आपण वेल्डिंगला वापरतो आर्गॉन. निष्क्रिय वायू आहे तो. जळत नाही, विषारी नाही, कशाशी काही देणंघेणं नाही. आत्तासुद्धा तुमच्या नाकातून थोडा जातोय.”

“आत्ता जाऊन राह्यला?” बाबांनी नाकाला हात लावून पाहिला.

“हाव. हवेत असतोच तो. आर्गॉन काही करत नाही, बाबा.”

बाबांनी पणती वर ओढून घेतली, फुंकर मारून विझवली, सुतळीची गुंडी केली आणि ती पणतीसकट खिडकीत ठेवून दिली. “गुलाबरावानं सून बीएस्सी केलेली आनली,” ते म्हणाले. “आपुन सातवी नापास. ऐकलं पाह्यजे बापा.”

पुंजाजीबाबा म्हणजे गुलाबरावांचे जुने मित्र. चाळीस वर्षं खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते. तिथल्या मशीनच्या घरघरीनं त्यांचे कान नेले, पण बोटं शाबूत ठेवली. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखत. सासू-सासरे दोघंही वर्षभराच्या अंतरानं गेल्यावर, धामणगाव बढ्याच्या या घरात वडीलमाणूस म्हणून तेच उरले होते. राहायला दोन गल्ल्या पलीकडे असले तरी सकाळी चहाला यायचे ते दिवेलागणीला जायचे.

गुलाबरावांच्या वेळी इथे वखर, तिफणी आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडल्या जायच्या. नागसेननं, मयुरीच्या नवऱ्यानं, कामाचं वळणच बदललं. वाळूजच्या एका सायलेन्सरच्या कारखान्यात त्यानं आठ वर्षं काढली होती, आणि गावी परतला तो हातात नवं कसब घेऊनच. इंजिनाला धूर सोडणारी चार तोंडं असली, तर त्या चारी तोंडांना स्टीलच्या चार नळ्या बसवायच्या, जागा मिळेल तशा वळवायच्या, आणि पुढे एका नळीत आणून मिळवायच्या. लांबी मात्र चारींची सारखी. इंग्रजीत याला हेडर म्हणतात. धामणगावानं त्याला ‘पंजा’ करून टाकलं. जुन्या जीपा सजवणारे, शर्यतीत गाड्या उतरवणारे शौकीन लोक अकोल्याहून, जळगावहून पंजा करून घ्यायला यायचे. गावातल्या लोकांना त्याचं भारी नवल.

“काऊन बे नागसेन, गाडीले आतडे बसवून राह्यला का?” कुणीतरी शटरपाशी उभं राहून विचारायचंच.

“तुह्या पोटातल्यापेक्षा सरळ आहेत,” नागसेन वर न बघता म्हणायचा.

त्या आतड्यांची खरी मेख आतल्या बाजूला होती. दोन नळ्या जोडल्या की बाहेरून सांधा कितीही देखणा दिसो, आत पायरी राहिली तर धूर तिथे अडखळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. ती पायरी कानशीनं, मग पॉलिश पेपरनं घासून सपाट करायची. बाबांची बोटं जाडी, नळीच्या तोंडाशीच थबकायची. एकदा सहज मयुरीनं बोट घालून पाहिलं आणि म्हणाली, “इथे अजून लागतंय.” त्या दिवसापासून ते काम तिच्याकडे आलं.

“हे बोट नाई,” बाबांनी तिला शिकवलं होतं. “पहिलं बोट भाजी चिरून चिरून मुर्दाड होते. करंगळीच्या बाजूचं घाल. ते दिवसभर काहीच करत नाई, म्हनून त्याले समजते. अन् डोये मिट.”

मयुरी डोळे मिटायची. नळीच्या अंधारात बोट फिरवताना केसाएवढी पायरीसुद्धा तिला कळायची. सांधा थंड झाला की नागसेन नळीवर कानशीची मूठ दोनदा वाजवायचा, टक टक, आणि मागच्या घरातून ती हात पुसत यायची. हाक मारायची रीत त्यांच्यात नव्हती, कारण हाकेनं छकुली उठायची.

छकुली झाल्यापासून मयुरीचा जीव तसाही थाऱ्यावर नसायचा. पाण्याच्या ड्रमवर झाकण, झाकणावर पाटा. विजेच्या सगळ्या प्लगांना चिकटपट्टी. अंगणातल्या निंबोळ्या ती दिवसातून दोनदा झाडून काढायची, पोरीनं तोंडात घालू नयेत म्हणून. आणि पोरगी झोपली की दर थोड्या वेळानं तिच्या नाकाखाली बोट धरायचं. तेच, करंगळीशेजारचं. कोमट वारा बोटाला लागला की मयुरी पुढच्या कामाला मोकळी.

“अवं, झोपू दे तिले,” नागसेन म्हणायचा. “तू पायरी शोधून राह्यली का तिच्यात?”

अशी सगळीकडे नजर असलेल्या बाईची नजर एकाच ठिकाणी नव्हती. जे आपल्याला ठाऊक आहे, त्याची राखण कोण करतं?

मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. मलकापूरच्या एका गिऱ्हाइकाची जुनी जीप खड्ड्यावर चढवलेली. पंजा तयार होता, पण स्टेअरिंगचा दांडा मध्ये येत होता. शेवटचे दोन सांधे नळ्या जागेवर बसवूनच मारावे लागणार होते, तेही खालून. पेट्रोलची टाकी नागसेननं आधीच उतरवून बाहेर नेऊन ठेवली होती.

स्टीलचा सांधा मारताना, म्हणजे वेल्डिंग करताना, त्याला हवा लागून चालत नाही. हवा लागली की आतून काळे दाणे धरतात. नागसेन त्याला ‘साखर झाली’ म्हणायचा. म्हणून नळीच्या पोटात आर्गॉन सोडायचा, तोंडं टेपनं बंद करायची, एक बारीक भोक ठेवायचं, आणि काम संपेपर्यंत गॅस वाहता ठेवायचा. बाहेरूनही तोच गॅस सांध्यावर धरायचा. वाऱ्याची झुळूक आली तरी तो उडतो. त्या दिवशी तर झुळूक कसली, अंगाला चटके देणारी झाळ सुटली होती. नागसेननं कूलर बंद केला, शटर हातभर ठेवून खाली ओढलं, जीपच्या भोवती ताडपत्री सोडून तंबूच केला.

“वरून नाई होत?” बाबांनी विचारलं होतं.

“नाई होत, बाबा. दांडा आडवा येते.”

बाबांनी खिडकीकडे पाहिलं. सुतळीची गुंडी अजून तिथेच होती, पणतीत धूळ बसलेली. मग त्यांनी मयुरीकडे पाहिलं. मयुरीला ती नजर दिसली, पण तिचा अर्थ लावायला तिला फुरसत नव्हती. छकुलीला दोन दिवस ताप होता. बाबा बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसले आणि दुसऱ्या कामाची पट्टी घासू लागले.

तीनच्या सुमाराला टक टक झाली. मयुरी झोळीशी होती. पोरगी नुकती डोळे जड करत होती. “आलेच,” ती भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतपत म्हणाली, आणि गेली नाही. नागसेनला सवय होती. तो तोवर पुढचा सांधा घ्यायचा.

छकुली झोपली. झोळीच्या कड्याची करकर थांबली. मयुरीनं पोरीच्या कपाळाला हात लावला, ताप उतरत होता. दुसरी टक टक यायला हवी होती. मशीनची बारीक भुणभुण तिला भिंतीतून ऐकू यायची, तीही येत नव्हती. दम खात असेल, तिनं मनाशी म्हटलं. पाणी पीत असेल. तापातल्या पोरीला एकटी सोडून खोलीबाहेर जायचं नाही, हा तिचा तिनंच घातलेला नियम. ती झोळीची दोरी धरून उभी राहिली. सवयीनं पोरीच्या नाकाखाली बोट धरलं. कोमट वारा लागला.

बोट तसंच असताना तिला वाटलं, इकडचा श्वास मी वीस वेळा पाहते. तिकडचा कोण पाहतंय?

ती निघाली. चालत निघाली होती, मधल्या दारापर्यंत पोचेतो पळत होती. ताडपत्री बाजूला सारली तर खड्ड्यात नागसेन तळाशी बसलेला. पाठ भिंतीला, तोंडावरची काच वर सरकवलेली, मान एका खांद्यावर कललेली. हातातली दांडी मांडीवर. जेवण जड झालेला माणूस बसतो तसा.

“अहो.”

उत्तर नाही. पायऱ्या दोनच होत्या. तिनं पहिल्या पायरीवर पाय टाकला, आणि मागून तिचं मनगट कुणीतरी असं धरलं की बांगडी फुटली. पुंजाजीबाबा. त्यांना ऐकू आलं नव्हतं, तिला पळताना त्यांनी हातभर शटरखालून पाहिलं होतं.

“उतरू नको.”

“बाबा, सोडा.”

“उतरू नको म्हनतो ना.” त्यांनी तिला मागे ओढलं, जवळच पडलेला हात पुसायच्या सुताचा बोळा उचलला, विडीच्या काडेपेटीनं पेटवला आणि खड्ड्यात टाकला. चांगला भडकलेला बोळा होता तो. काठाच्या खाली वीतभर गेला आणि विझला. वाऱ्यानं विझतो तसा नाही. पाण्यात बुडवावा तसा.

मयुरीला ते दिसलं आणि त्याच क्षणी सगळं कळलं. तिनं धावत जाऊन आर्गॉनच्या निळ्या सिलिंडरची चावी बंद केली. बाबांनी टायरमध्ये हवा भरायचा पाइप ओढून आणला, पुढची तोटी दाबून तारेनं आवळली आणि फुसफुसतं टोक नागसेनच्या तोंडापाशी सोडलं. ताडपत्री दोघांनी मिळून ओरबाडून काढली. शटर वर गेलं, झाळ आत घुसली. दिवसभर जिला आत येऊ दिलं नव्हतं, तीच.

“नाव घे त्याचं,” बाबा म्हणाले. “मोठ्यानं घे.”

आजवर तिनं चारचौघांत त्याला नावानं हाक मारली नव्हती. तिनं मारली. चौथ्या की पाचव्या हाकेला नागसेनचं डोकं हललं. मग हात हलला, काहीतरी झटकावं तसा. बाबांनी दुसरा बोळा पेटवून सोडला. तो तळाशी जाऊन पडला आणि जळत राहिला. तेव्हा कुठे त्यांनी तिचं मनगट सोडलं.

दोघांनी बगलेत हात घालून त्याला वर ओढलं. नागसेनला भडभडून उलटी झाली. तोंड पुसून तो आश्चर्यानं म्हणाला, “काऊन ओरडून राह्यली? पोरगी उठन ना.”

मोताळ्याच्या दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. डोकं दुखतंय याशिवाय त्याची तक्रार नव्हती. “गुदमरलो गिदमरलो काही नाई,” तो सांगत होता. “झोप येऊन राह्यली असं वाटलं. बरं वाटत होतं, खरं सांगू का.” ते ‘बरं वाटत होतं’ ऐकताच मयुरीनं त्याच्या नाकावरचा मास्क पुन्हा दाबून बसवला. आणखी चारपाच मिनिटं उशीर झाला असता तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धंच ठेवून दुसऱ्या पेशंटकडे गेले.

दोन दिवसांनी तिनं ट्रंकेतून बीएस्सीची वही काढली. आर्गॉनचं पान सापडायला वेळ लागला नाही, हेडिंग हिरव्या पेननं होतं. पहिली ओळ, निष्क्रिय. चौथी ओळ, हवेपेक्षा जड. दोन्ही ओळी तिच्याच वळणदार अक्षरात, शेजारी बाईंची लाल बरोबरची खूण. पहिली ओळ तिनं आयुष्यभर लक्षात ठेवली होती. चौथी परीक्षेत लिहून मोकळी झाली होती. जड आहे म्हणजे तळाशी बसणार, तळाशी बसला म्हणजे तिथली हवा वर ढकलणार, आणि हवाच नसली तर माणूस काय घेणार नाकानं? तो खरंच काही करत नाही. नुसता जागा अडवून बसतो.

वही मांडीवर घेऊनच ती कडुलिंबाखाली गेली. बाबा घासत होते. ती त्यांना दिसेल अशी समोर बसली.

“बाबा, तुम्ही सांगितलं होतं. दिवा सोडा म्हणून. मी हसले.”

“हसली कुठं?” बाबा म्हणाले. “तू मले शिकोलं. म्या घरी जाऊन नातवाले बी सांगतलं, आर्गॉन काही करत नाई म्हनून. त्याले शाळेत शाबासकी भेटली.”

“त्या दिवशी तुम्ही खिडकीकडे पाहिलं होतं.”

“पाह्यलं होतं.”

“मग सोडला का नाही दिवा?”

बाबांनी पट्टी उलटी केली, बोट फिरवून पाहिलं. “सोडनार होतो. मंग वाटलं, तू पाहून राह्यली. पुन्हा म्हनशीन, म्हताऱ्याले येकदा सांगून समजत नाई.”

मयुरीनं वही मिटली. तिचं अडाणीपण तिच्यापुरतंच राहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती. तिनं तिचं शहाणपण वाटलं होतं. साठ वर्षं ज्या माणसाच्या हाताला दिवा सोडायची सवय होती, त्याचा हात तिनं एका वाक्यात थांबवला होता. आणि तो थांबला, कारण तिच्यावर त्याचा विश्वास होता.

“रडू नको,” बाबा म्हणाले. “पट्टीवर पानी पडते, गंज धरन.”

“स्टीलला गंज धरत नाही, बाबा.”

बाबांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग दोघांनाही हसू आलं, आणि मयुरीनं पदरानं पट्टी पुसून दिली.

त्यानंतर व्यवस्था बदलली. जुन्या कूलरचा पंखा काढून बाबांनी पत्र्याचं नळकांडं केलं, ते खड्ड्याच्या तळाशी हवा सोडतं, सांध्याच्या अंगाला नाही. मयुरीनं हवेतला ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र मागवलं, तो कमी झाला की ते किंचाळतं. “मशीन तुही, दिवा माहा,” म्हणत बाबांनी पणती घासून पुन्हा सुतळीला बांधली. नागसेन आता उतरायच्या आधी दोन्ही पाहतो. आधी हसत होता, मग हसेनासा झाला. आणि टक टक आता सांधा झाल्यावर नाही, दर दहा मिनिटांनी. मागच्या घरात मयुरीचा कान त्या आवाजाला असा लागलेला असतो की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून जातात.

पण महिन्याभरानं वडनेर भोलजीहून फोन आला. मयुरीच्या आईचं, जनकाबाईंचं, डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. दहा दिवस तरी जावं लागणार होतं. नागसेनकडे नागपूरचं मोठं काम आलेलं, शटर खाली ओढूनच करायचं. बाबा होते, पण बाबांना टक टक ऐकू येणार नव्हती.

“जाय तू,” नागसेन म्हणाला. “मी काय छकुली हाये का?”

“छकुली असतात तर सोबत नेलं असतं,” ती म्हणाली.

आदल्या दिवशी दुपारी तिनं पत्र्याचा एक तुकडा मागितला. त्याच्या चारी कडा बाबांनी कानशीनं गुळगुळीत करून दिल्या. मयुरीनं त्या कडांवरून करंगळीशेजारचं बोट फिरवून पाहिलं, एका कोपऱ्यात अजून लागत होतं, तो पुन्हा घासायला दिला. मग पांढरा रंग, त्यावर काळा. सकाळी एसटीला निघताना छकुलीला कडेवर घेऊन तिनं तो पत्रा शटरशेजारच्या खिळ्याला, रस्त्यानं जाणाऱ्याच्या नजरेसमोर, लावला. अक्षर वहीतल्यासारखंच वळणदार होतं.

*हे वाचणाऱ्या तुम्हाला विनंती. शटर खाली असलं तरी दुकान बंद नाही. वारा लागून चालत नाही म्हणून खाली आहे. आत नागसेन काम करतो आहे. जाता-येता शटरवर दोनदा वाजवा आणि आतून दोनदा वाजतं का ते ऐका. कितीही कामात असला तरी तो उत्तर देतो, तसं त्यानं कबूल केलं आहे. उत्तर आलं नाही तर शटर उचला, कुलूप नाही. डाव्या हाताच्या निळ्या सिलिंडरची चावी बंद करा, हवेचा पाइप खड्ड्यात सोडा. तुम्ही खड्ड्यात उतरू नका, कितीही जवळचे असलात तरी. कडुलिंबाखाली बाबा बसलेले असतील. त्यांना हाक ऐकू येत नाही, खांद्याला हात लावा. मी दहा दिवस गावात नाही. तुम्ही घाईत असाल, तरी दोनदा तेवढं वाजवून जा. — मयुरी*